जिनिव्हा आणि शिराळ्याची घोणस

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही शिराळा तालुक्यातले ऊसवाले. दरवर्षी भागात कुणाला ना कुणाला पान लागतंच. सर्पदंशावर जागतिक आरोग्य संघटना आणि संशोधन संस्था मिळून काम करतात, असं वाचलं. जिनिव्हात बसून आमच्या फडातल्या घोणशीचं त्यांना काय कळणार? की नुसते करार आणि फोटो?
— एक शेतकरी, शिराळा

उत्तर : फोटो असतातच. सरकारी नोकरीत असताना सामंजस्य करारांच्या फायली मीही पाहिल्यात. काहींचं पुढं काय झालं ते त्या कपाटालाच ठाऊक. पण सापाच्या बाबतीत असं सरसकट म्हणता येणार नाही.

आधी मोजणीचं बघा. रजिस्टरात नाव लागतं ते दवाखान्यापर्यंत पोचलेल्याचं. मांत्रिकाच्या दारात नाहीतर बांधावरच जो गेला, तो कुठल्या कागदावर येणार? भारताच्या महानिबंधक कार्यालयानं टोरांटोच्या संशोधकांबरोबर घरोघरी चौकशी करवली : माणूस कशानं गेला, आधी काय झालं होतं? त्यातून २००५ या एका वर्षात सर्पदंशानं सुमारे ४६,००० माणसं गेल्याचा अंदाज निघाला. रुग्णालयांच्या आकड्याच्या कितीतरी पट! संघटनेनं २०१७ साली सर्पदंश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला. असे आकडे हाताशी नसते तर तो घेतला असता, असं मला वाटत नाही. मृत्यू आणि अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं २०१९ मध्ये ठरलं, आणि २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारनंही त्याच मुदतीचा आराखडा काढला.

आता तुमची घोणस. तिच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची चाचणी संघटनेच्या दिल्लीतल्या आग्नेय आशिया कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदा आडवी करायची. रक्त पातळच वाहिलं, तर लस (सापाचं विष मारणारं औषध) लगेच सुरू. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही गोठेलच असं नाही आणि डॉक्टर फसतो. ना वीज, ना मशीन. आणखी एक : लहान पोराला लस कमी द्यायची नसते. साप काही वय बघून विष सोडत नाही.

घोडं अडलंय ते लशीपाशी (घोड्याला विष टोचून त्याच्या रक्तातूनच ती बनते, हा योगायोग). नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ती चालते. पण त्यासाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं हे दाखवून दिलंय. म्हणून एखाद्या भागात लस कमी पडू शकते. याचा अर्थ ती घ्यायची नाही, असा कुणी काढू नका; दुसरं औषध नाही. बंगळुरूच्या याच संस्थेनं अमेरिकेतली स्क्रिप्स संशोधन संस्था आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संस्थेसोबत प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रतिपिंड (विषाला चिकटून ते निकामी करणारं प्रथिन) २०२४ मध्ये मांडलं. पण ते नाग-मण्यारीच्या कुळातल्या विषावर, आणि तेही अजून उंदरांपुरतंच. घोणशीला त्याचा उपयोग नाही. माझ्या मते निरनिराळ्या जिल्ह्यांतलं विष गोळा करून त्यावर लस तपासणं, हे काम जास्त निकडीचं आहे. त्यात फोटोला काही मिळत नाही, एवढंच.

तोवर तुम्ही तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लशीच्या कुप्या किती आहेत ते विचारा. सुरुवातीलाच आठ-दहा लागतात, दोन-तीन असून भागत नाही. आणि काचेची नळी आहे का, तेही विचारा.