तो येणार नाही, तू जा

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला. "काका, मी मनातून क्षमा केलीय, पण त्यांनी एकदा येऊन चूक कबूल करावी, एवढंच माझं म्हणणं आहे." हे वाक्य वाचलं आणि रात्री मला झोप लागली नाही. याच वाक्याला धरून मी माझ्या उमेदीची बरीच वर्षं घालवली आहेत. क्षमा का करावी हे तुला सांगायची गरज नाही, रविवारच्या शाळेत तूच ते लहान मुलांना शिकवतोस. म्हणून थेट सांगतो. तो येणार नाही. तू जा.

नाताळच्या वर्गणीवरून भर मीटिंगमध्ये तुझ्यावर संशय घेतला गेला, तो अन्यायच होता. पावत्या मी स्वतः पाहिल्या आहेत, हिशोब चोख होता. चर्चच्या मंडळीतल्या जाणत्या माणसाने विशीतल्या पोराला चारचौघांत चोर ठरवावं आणि पावत्या जुळल्यावर एक शब्द बोलू नये, हे वाईट झालं. "जाऊ दे, मोठे आहेत" असं मी म्हणणार नाही, आणि म्हणणाऱ्यांचं तू ऐकूही नकोस. चूक झालीच नाही असं धरलं तर मग क्षमा कशाची करायची?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला दाखला तुला पाठ आहे: राजाने एका दासाचं कर्ज सोडलं, आणि त्याच दासाने बाहेर पडून आपलं देणं असलेल्या सोबतीच्या दासाचा गळा धरला. पण त्यातल्या रकमा कधी मांडून बघितल्यास का? दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सोबतीच्या दासाकडे 100 दिनार येणं होतं, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. ही रक्कम लहान नाही. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बाईची तेवढ्या दिवसांची मजुरी कुणी बुडवली तर घरात चूल पेटायची नाही. म्हणजे तुझं नुकसान किरकोळ आहे असं प्रभू म्हणतच नाही. आता दुसरी बाजू बघ. राजाने त्या दासाला 10,000 तलांत सोडले होते, आणि एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. भागाकार तूच कर. 6 लाख पट येते. ज्याला एवढं सुटलंय त्याने दुसऱ्याचा गळा धरायचा नाही, एवढंच तिथे सांगितलंय. समोरच्याचं कर्ज खोटं होतं असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि कोणी कोणाकडे जायचं? मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि जा. अठराव्यात म्हणतो, भावाने तुझा अपराध केला तर जा, तो एकटा असताना त्याला सांग. चूक तुझी असो नाहीतर त्याची, दोन्हीकडे जायला तुलाच सांगितलंय. मी किती वर्षं यातून पळवाट शोधली. नाही सापडली. आपल्या बाबतीतही देव तसाच वागला. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं पौल रोमकरांना लिहितो. आपण आधी येऊन कबूल करू म्हणून देव थांबला नाही. मग तू कशासाठी थांबलायस?

रागावू नकोस, पण एक विचारतो. ही गोष्ट तू तरुण संघात सांगितलीस, घरी सांगितलीस, पाळकसाहेबांना सांगितलीस, पार्क चौकात मित्रांना सांगितलीस, मला लिहून कळवलीस. ज्याने केलं त्याला सांगितलीस का? नाही. कीबोर्ड वाजवणं बंद केलंस, उपासनेला उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसतोस आणि आशीर्वादाआधीच निघून जातोस. याला मनातून क्षमा केली म्हणतात होय रे?

मी हे कुठल्या तोंडाने बोलतो तेही ऐक. मी गिरणीत असताना कापडाचे तागे कमी भरले आणि चौकशी बसली. आमच्याच मंडळीतल्या, माझ्या मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या मित्राने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. नोकरी गेली. पुढे इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या, पण माझी आधी गेली आणि डाग लागून गेली. मग अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात लागलो. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो. रोज रात्री ताटावर तोच विषय. बायकोने किती वेळा ते ऐकलं असेल! त्या काळात त्याची आई वारली. लहानपणी त्या माउलीने मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी किती वेळा वाढली होती, आणि मी तिच्या मातीला गेलो नाही. तो मला नडला होता, त्या बाईने माझं काय केलं होतं? हे मला अजून सलतं.

तू मागावर कधी काम केलं नाहीस म्हणून सांगतो. ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला आणि माग तसाच चालू ठेवला, तर तुटल्या जागेपासून पुढच्या सगळ्या कापडाला उभी फट पडत जाते. तुटलेलं टोक आपणहून दुसऱ्या टोकाजवळ येत नाही. ज्याच्या लक्षात आलं त्यानेच माग थांबवायचा आणि गाठ मारायची. धागा कोणामुळे तुटला याची चौकशी नंतर.

शेवटी मी गेलो. त्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "तू साक्ष दिलीस, माझं घर उघड्यावर पडलं. प्रभूने माझं कर्ज सोडलंय, मी तुझं सोडतोय." तो म्हणाला, "मी तसं बोललोच नव्हतो." आणि चहा मागवला. मी तो चहा प्यालो. मरेपर्यंत त्याने कबूल केलं नाही. "नोकरी घालवणाऱ्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आला," असं लोक माझ्यामागे बोलले, अजून बोलतात. बोलू देत. त्या दिवसापासून माझ्या घरात जेवताना तो विषय निघाला नाही. त्याने कबूल करावं म्हणून मी गेलोच नव्हतो.

नंतर त्याने पतसंस्थेच्या कर्जाला मला जामीन राहायला सांगितलं. मी नाही म्हणालो. तेव्हा तीच माणसं म्हणाली, ही कसली क्षमा? मी आजही म्हणतो, ते बरोबर केलं. बायबलमधल्या योसेफाने त्याला विकणाऱ्या भावांचा सूड घेतला नाही, पण ओळख द्यायच्या आधी धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून त्यांना पारखून घेतलं. कर्ज सोडणं वेगळं आणि सही करणं वेगळं. पुढच्या वर्षी वर्गणीचं पुस्तक हातात घेतलंस तर पावतीवर दोघांच्या सह्या माग. त्यात कडूपणा नाही.

जिथे मारहाण आहे, अत्याचार आहे, तिथे मी कोणाला एकट्याने जायला सांगत नाही. तिथे आधी पोलीस. क्षमा केली म्हणून कायदा थांबवायचा नसतो. मिशनरी ग्लॅडिस स्टेन्सबाईंचं बघ. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप व तिमथी ही दोन लेकरं गाडीत जिवंत जाळली गेली. मारणाऱ्यांनी येऊन पाय धरले नव्हते, तरी बाईंनी क्षमा जाहीर केली. खटला आपल्या गतीने चालला, त्यातल्या मुख्य आरोपीला, दारासिंगला, जन्मठेप झाली, आणि बाई पुढची काही वर्षं मयूरभंजमधल्या कुष्ठरोग्यांची सेवा करत तिथेच राहिल्या. त्या कोणाच्या येण्याची वाट बघत बसल्या असत्या तर त्या रुग्णांचं काय झालं असतं? आणि तू एका मीटिंगवरून कीबोर्डला हात लावत नाहीस.

कठोर बोललो. तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून बोललो. तुला आणखी दहा वर्षं शेवटच्या बाकावर बसलेलं मला बघवणार नाही.

या रविवारी प्रभुभोजन आहे. शनिवारी संध्याकाळी जा. एकटा जा, पावत्यांची फाईल घरी ठेव. आत गेल्यावर सलाम कर आणि लगेच बोल, हवापाण्याच्या गप्पांत शिरलास की धीर जाईल. म्हण, "भर मीटिंगमध्ये तुम्ही मला चोर ठरवलंत, मला फार लागलं, आणि मी तुम्हाला क्षमा केलीय." "पण" म्हणून पुढे काही जोडू नकोस. ते चिडले तर चिडू देत, नाकारलं तर वाद घालू नकोस, रडले तर जवळ बस. काय झालं ते नंतर मला कळवू नकोस, तरुण संघातही सांगू नकोस. ते तुमच्या दोघांतलं आहे. रविवारी साडेआठला भजनाचा सराव आहे, तेवढा वेळेवर ये.

प्रभूमध्ये तुझा,
काका