'पोले' म्हणजे सॉरी का?

प्रश्न : ताई, मिस्टरांची बदली टांझानियात दार-एस-सलामला झालीये, म्हणून मी यादीवरून स्वाहिली शब्द पाठ करतेय. यादीत 'पोले' म्हणजे सॉरी असं दिलंय, पण तिथे राहून आलेली मैत्रीण सांगते की आपण ठेचकाळलो तरी अनोळखी माणसं 'पोले' म्हणतात. त्यांची काय चूक?

उत्तर : चूक कोणाचीच नाही गं. 'पोले' ही माफी नाहीच, 'अगंबाई, लागलं का?' म्हणताना आपल्या आवाजात जी माया असते ना, ती म्हणजे 'पोले'. आजारी माणसाला म्हणतात, उन्हात राबणाऱ्याला 'पोले ना काझी' म्हणतात, मला तर हा अख्ख्या भाषेतला सगळ्यात गोड शब्द वाटतो. माफी मागायची तर 'सामाहानी' म्हण. आणि 'पोले पोले' म्हणजे हळूहळू, ते वेगळं.

बाकी घाबरू नकोस, निम्मी ओळख आधीच आहे. 'नाएंदा दुकानी कुनुनुआ साबुनी', म्हणजे मी दुकानात साबण घ्यायला चाललेय. 'दुका' म्हणजे दुकान, आणि मागचा 'नी' म्हणजे आपला 'दुकानात'मधला 'त'. गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', औषधाला 'दावा'.

वडीलधारे भेटले की आधी 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतील.

वेळेचं मात्र नीट लक्षात ठेव, तिथे तास सकाळी 6 पासून मोजतात, त्यामुळे 7 वाजले की 'सा मोजा', म्हणजे पहिला तास, आणि कामवाल्या बाई 'सा न्ने आसुबुही', म्हणजे सकाळच्या चौथ्या तासाला येते म्हणाल्या तर त्या 4 ला नाही, सकाळी 10 ला येणार.