‘गव्हर्नरचे मंत्रिमंडळ’ चालेल का? (शब्दचर्चा)

प्रश्न असा आहे: सिंट मार्टेन या कॅरिबियन बेटाविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘कोअलिशन कॅबिनेट’ला युतीचे मंत्रिमंडळ म्हणावे की आघाडीचे? त्याच मजकुरात पुढे गव्हर्नरच्या ‘कॅबिनेट’चा उल्लेख आहे, त्याला ‘गव्हर्नरचे मंत्रिमंडळ’ म्हटले तर चालेल का? शिवाय, ‘मंत्रिमंडळ’ ऱ्हस्व की दीर्घ?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक थेट अर्थाची होते. ‘गव्हर्नरचे मंत्रिमंडळ’ चालणार नाही. सिंट मार्टेन, म्हणजे बेटाचा दक्षिणेकडचा भाग, हा 10 ऑक्टोबर 2010 पासून नेदरलँड्सच्या राजसत्तेखालचा स्वायत्त देश आहे आणि तिथली प्रशासकीय परिभाषा डच वळणाची आहे. डचमध्ये ‘काबिनेट’ म्हणजे मंत्र्यांचा संच, तसेच एखाद्या पदाधिकाऱ्याचे खास कार्यालयही. गव्हर्नरचे काबिनेट हे त्यांचे सचिवालय. त्यात एकही मंत्री नसतो. प्रत्येक मंत्र्याचेही स्वतःचे काबिनेट असते, त्यात सल्लागार आणि सहायक बसतात. आपण त्याला सरळ ‘मंत्री कार्यालय’ म्हणतो. ‘शेफ द कॅबिने’चे ‘मंत्रिमंडळ प्रमुख’ केले की एक कर्मचारी थेट पंतप्रधानपदी जाऊन बसतो! तो ‘कार्यालय प्रमुख’. बेटाच्या उत्तरेकडच्या फ्रेंच भागातही प्रीफेच्या (फ्रेंच सरकारच्या प्रतिनिधीच्या) कॅबिनेचा अर्थ कार्यालय असाच आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘कॅबिनेट’च्या आधी पदनाम असेल (गव्हर्नर, अमुक खात्याचा मंत्री) तर कार्यालय. पंतप्रधानाचे आडनाव असेल, विशेषतः सोबत क्रमांक असेल, तर मंत्रिमंडळ. ‘जेकब्स दोन’ म्हणजे सिल्व्हेरिया जेकब्स यांचे दुसरे मंत्रिमंडळ. ‘पंतप्रधानांचे कॅबिनेट’ मात्र दोन्ही अर्थांनी येऊ शकते. तिथे आसपासची वाक्ये वाचल्याशिवाय शब्द ठरवू नये.

मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ हा आपला भेद तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या राज्यघटनेच्या 74व्या कलमात मंत्रिपरिषद आहे. तिच्यात राज्यमंत्रीही येतात, आणि मंत्रिमंडळ हा तिच्यातला वरचा, छोटा गट. सिंट मार्टेनमध्ये राज्यमंत्रीच नाहीत. जास्तीत जास्त सात मंत्री, आणि सगळे एकाच पंक्तीला. तेव्हा तिथल्या सरकारसाठी सर्वत्र ‘मंत्रिमंडळ’ लिहावे आणि ‘मंत्रिपरिषद’ हा शब्द राखून ठेवावा. तो लागतो द हेगमध्ये: नेदरलँड्सचे मंत्री आणि आरुबा, कुरासाव, सिंट मार्टेन यांचा प्रत्येकी एक पूर्णाधिकारी मंत्री (त्या देशाचा द हेगमधला प्रतिनिधी) मिळून जी बैठक भरते, तिला ‘राजसत्तेची मंत्रिपरिषद’ म्हटले की गोंधळ राहत नाही.

आता युती की आघाडी. कोशात दोन्ही चालतात, पण महाराष्ट्रात हे शब्द जवळजवळ विशेषनामे झाले आहेत. 1989 पासून शिवसेना-भाजप ती युती, 1999 पासून काँग्रेस-राष्ट्रवादी ती आघाडी. पुढे महायुती आणि महाविकास आघाडी यांनी हे वाटप पक्केच केले. मुळात युती म्हणजे जोड. ग्रहांची युती होते तेव्हा दोन्ही ग्रह आपापल्या गतीने चालतच असतात, काही काळ एकत्र दिसतात. निवडणुकीनंतर करार करून जमलेल्या पक्षांना हा शब्द सुरेख लागू पडतो. ‘आघाडी’ची अडचण वेगळी आहे: तिचा ‘पुढे असणे’ हा अर्थ निवडणुकीच्या मजकुरात सतत आड येतो. ‘आघाडीचा उमेदवार’ म्हणजे मतमोजणीत पुढे असलेला की एकत्र आलेल्या पक्षांचा? त्यातच सिंट मार्टेनमध्ये ‘नॅशनल अलायन्स’ नावाचा एक पक्ष आहे. त्याचे ‘राष्ट्रीय आघाडी’ केले तर वाचक एका पक्षालाच अनेक पक्षांचा मेळ समजेल. पक्षांची नावे अनुवादू नयेत.

माझी निवड अशी: पक्षांमधल्या कराराला ‘युती’, आणि त्यातून आलेल्या मंत्रिमंडळाला ‘संमिश्र मंत्रिमंडळ’. ‘संमिश्र’ला कुठल्याही गटाचा रंग चिकटलेला नाही आणि तो नेमके मंत्रिमंडळाच्या घडणीबद्दल बोलतो. उदाहरणार्थ: ‘11 जानेवारी 2024च्या निवडणुकीनंतर चार पक्षांची युती झाली आणि ल्यूक मर्सेलिना यांच्या संमिश्र मंत्रिमंडळाचा 3 मे रोजी शपथविधी झाला.’

मधले जवळपास चार महिने कुठे गेले, हे सांगताना ‘फॉर्माटर’ हा शब्द येतो. युतीतल्या पक्षांकडून नावे घेऊन, त्यांची पार्श्वभूमी तपासून मंत्रिमंडळ जुळवण्यासाठी गव्हर्नर ज्याची नेमणूक करतात तो फॉर्माटर. ‘नियोजित पंतप्रधान’ लिहू नये. तोच पंतप्रधान होईल असे बंधन नाही. ‘मंत्रिमंडळ जुळवणारा’ हे थोडे घरगुती वाटले तरी अचूक आहे.

पंधरा सदस्यांच्या संसदेत बहुमत आठचे. मर्सेलिना यांच्या युतीकडे नेमके आठच होते. ते बहुमत महिन्याच्या आतच गेले आणि 19 ऑगस्टला पुन्हा मतदान झाले. निवडून आलेला सदस्य असा आपला गट सोडतो, त्याला तिथे ‘शिप-जंपिंग’ म्हणतात. ‘जहाजातून उडी’ हे मराठी नव्हे, आणि ‘पक्षांतर’ही पुरते बसत नाही, कारण सदस्य अनेकदा दुसऱ्या पक्षात न जाता जागा राखून अपक्ष बसतो. ‘फुटणे’ हे क्रियापद दोन्ही प्रकारांना पुरते. त्यानंतर जुनेच मंत्री काम पाहत असतील तर ते ‘काळजीवाहू’. निवडणुकीपर्यंत नव्यांचा शपथविधी झाला असेल, जसा नोव्हेंबर 2019 मध्ये जेकब्स यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा झाला, तर ते ‘अंतरिम’.

राहिले ऱ्हस्व-दीर्घ. मूळ संस्कृत शब्द ‘मंत्रिन्’. असे शब्द मराठीत सुटे आले की दीर्घ, समासात आधी आले की ऱ्हस्व. म्हणून मंत्री, मुख्यमंत्री. पण मंत्रिमंडळ, मंत्रिपद, मंत्रिपरिषद. वर ‘मंत्री कार्यालय’ दीर्घ आहे ते दोन शब्द सुटे लिहिले म्हणून. जोडून लिहिलेत तर ‘मंत्रिकार्यालय’.