गोदाम लहान नाही, वाट बुजली आहे

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं गोदाम आतून ६० बाय ४० फुटांचं, दार लांब भिंतीच्या मधोमध. सोयाबीन, तूर, हरभरा ठेवतो. मागचा माल काढायचा म्हटलं की पुढचे कट्टे (पोती) हलवावे लागतात, हमाली दुप्पट पडते. संचालक म्हणतात शेड वाढवू. वाढवावी का?
– सचिव, वाशीम जिल्हा

उत्तर : इतक्यात नको. आधी खडू आणि टेप घ्या.

मी वखारीत गोदामपाल होतो. गोदाम गच्च दिसलं की साहेब खूश आणि हमाल हैराण, हे नेहमीचंच. भिंतीला टेकून एकही कट्टा नको. चारी बाजूंनी अडीच फूट सोडा. ओल, उंदराच्या लेंड्या, फुटलेला कट्टा, सगळं या पट्ट्यात फिरताना दिसतं. कीड मारायला धुरी देताना थप्पीवर घालायचं कव्हरही जमिनीपर्यंत सोडता येतं.

उरली ५५ बाय ३५. दारापासून आत १५ फुटी वाट, काटा-चाळणी तिथेच. दोन्ही अंगांना २० बाय १५च्या दोन-दोन थप्प्या, मध्ये पाच फुटांचा बोळ, खाली लाकडी फळ्या. ५० किलोचा कट्टा साधारण तीन बाय दोन फूट जागा खातो (तुमचा मोजून घ्या). थराला ५०, दहा थरांना ५००. चार थप्प्या म्हणजे हजार क्विंटल. हा आकडा संचालकांपुढे ठेवा.

शिवाय तिन्ही माल एकदम येतात कुठे? दसरा-दिवाळीला सोयाबीन, संक्रांतीच्या आगेमागे तूर, होळीच्या सुमारास हरभरा. सोयाबीन दोन थप्प्यांत लावा आणि एकच फोडा. ती संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. पहिली रिकामी झाली की तिथे तूर. प्रत्येक थप्पीला कार्ड हवं : आवक तारीख, कट्टे, ओलावा. हे सगळं मोबाइलमध्ये आहे म्हणाल, पण हमाल तुमचा मोबाइल बघत नाही.

बियाण्याचं सोयाबीन मात्र या हिशेबात धरू नका. त्याचं टरफल नाजूक, वजनाखाली उगवण मार खाते. थप्पी सात फुटांच्या वर नको, कट्टे वरून आदळायचे नाहीत.

एक हंगाम खडूच्या रेघांवर काढा, मग ऑइलपेंट मारा. आणि आखणीच्या दिवशी हमालांच्या मुकादमाला बोलवा. पाठीवर कट्टा घेऊन वळायला पाच फुटांचा बोळ पुरतो का, ते तोच सांगेल.