जपानमध्ये वस्ताद शोधताना : योकोहामाला निघालेल्या धाकट्या भावास

तुझं पत्र दोनदा वाचलं. एप्रिलपासून योकोहामात नोकरी, कोल्हापुरात नऊ वर्षं कराटे, हाताशी फर्स्ट डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी, आणि आता जपानला जातोच आहेस तर तलवारीची जुनी विद्या ज्याला खरोखर येते अशा माणसाकडून शिकायची आहे. तुझे प्रश्न तीन. असा शिक्षक ओळखायचा कसा, त्यासाठी वेगळा व्हिसा काढावा का, आणि ऑनलाइन शिकवून सर्टिफिकेट देणाऱ्या एका 'सोके'कडे, म्हणजे घराण्याचा प्रमुख म्हणवणाऱ्याकडे, निघण्याआधीच नाव घालावं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घालू नकोस, ते पैसे राखून ठेव.

मी चिबा केनमध्ये, म्हणजे चिबा प्रांतात, चौदा वर्षं राहते आणि त्यातली बारा वर्षं जोदो करते. 'जो' म्हणजे साधारण १२८ सेंटिमीटर लांबीची ओकची काठी, आणि समोर लाकडी तलवार घेतलेला माणूस. बारा वर्षं म्हणाले, कारण पहिली दोन वर्षं मी दुसरीकडेच घालवली. आल्या आल्या घराजवळच्या भाड्याच्या हॉलमध्ये एक वर्ग लागला होता. भिंतीवर शिक्के मारलेली प्रमाणपत्रं, शिक्षकांचा रुबाब मोठा, घराणं चारशे वर्षांचं असल्याचं सांगणं. आठ महिन्यांत मला परीक्षेला बसवलं आणि प्रमाणपत्राचे ६०,००० येन घेतले. पुढे एका स्नेहसंमेलनात एका वयस्कर जोदो शिक्षिकेनं मला सहज विचारलं, "तुझ्या सेन्सेईंचे सेन्सेई कोण?" म्हणजे गुरूंचे गुरू कोण. मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वर्गात विचारला, तर तिथेही कुणाला सांगता येईना. शिक्षक रागावले. त्या दोन वर्षांत मनगटाला लागलेलं वळण मोडायला मला पुढे तेवढाच काळ लागला, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

जपानमध्ये बुदो, म्हणजे युद्धकला, शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. तेव्हा 'हा माणूस पात्र आहे का' याचं उत्तर भिंतीवर नसतं, त्याच्या मागे कोण उभं आहे यात असतं. तू कोल्हापूरचा, तुला हे वेगळं समजावायला नको. गंगावेशीत एखादा नवा पोरगा लंगोट लावून उतरला तर आधी काय विचारतात? कुठल्या तालमीचा आणि वस्ताद कोण. तोच प्रश्न इथे घेऊन ये.

आता तुझ्या मनात जे आहे त्याचे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि दोन्हीकडे पात्रता वेगळ्या पद्धतीनं तपासतात.

एक रस्ता आधुनिक बुदोचा: केन्दो (बांबूच्या तलवारीची लढत), इआइदो (म्यानातून तलवार उपसण्याची विद्या), जोदो, ज्युदो, आयकिदो, क्युदो (धनुर्विद्या). इथे महासंघ आहेत आणि नोंदी पक्क्या आहेत. केन्दो, इआइदो आणि जोदो या तिन्ही विद्या अखिल जपान केन्दो महासंघाखाली येतात. या महासंघाची स्थापना १९५२ ची. डॅन आठपर्यंत. पहिल्या डॅनला वयाची अट तेरा वर्षं. त्यानंतर दुसऱ्यासाठी एक वर्ष थांबायचं, तिसऱ्यासाठी दोन, चौथ्यासाठी तीन, असं करत सातव्यासाठी सहा वर्षं. बेरीज कर: पहिल्यापासून सातव्यापर्यंत एकवीस वर्षं, तीही प्रत्येक परीक्षा पहिल्या फटक्यात सुटली तर. म्हणजे या महासंघाचा सातवा डॅन असल्याचं कुणी तिसाव्या वर्षीच सांगत असेल, तर कागद आणि बोट एवढ्यानंच हिशेब लागतो. आठव्यासाठी आणखी दहा वर्षं आणि वय किमान ४६, आणि केन्दोत त्या परीक्षेत शंभरातला एखादाच पास होतो. डॅनशिवाय शिकवण्याच्या जबाबदारीच्या पदव्या आहेत: रेन्शी, क्योशी, हान्शी. रेन्शी साधारणपणे सहाव्या डॅननंतर मिळते. मला कुणी विचारलं की मी आधी ही पदवी बघते, कारण डॅन हातातली विद्या सांगतो आणि रेन्शी-क्योशी या पदव्यांसाठी माणसाची शिकवण्याची योग्यताही पाहिली जाते.

ज्युदोसाठी टोकियोत कोदोकान आहे, कानो जिगोरो यांनी १८८२ साली सुरू केलेलं. आयकिदोसाठी शिंजुकूतलं आयकिकाई या संस्थेचं मुख्य दोजो, म्हणजे तालीम. दोन्ही ठिकाणी नवख्यांचे वर्ग आहेत आणि परदेशी माणूस आल्याचं कुणाला नवल वाटत नाही. तिथे गुरू शोधण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. कराटेच पुढे न्यायचं असेल तर मात्र सुट्टीत ओकिनावाला जा. तोमिगुसुकूला २०१७ साली कराटे काइकान उघडलं. बाहेरून येणाऱ्यांना योग्य दोजो गाठून देणारं माहिती केंद्र तिथेच आहे.

दुसरा रस्ता कोर्यूचा, म्हणजे १८६८ च्या मेइजी स्थित्यंतराआधीच्या घराण्यांचा. तुला खरं वेड याचंच आहे हे पत्रावरून कळलं. इथे बहुतेक ठिकाणी डॅन नसतात. घराण्याप्रमाणे नावं बदलतात, पण साधारण किरिगामी, मोकुरोकु, मेन्क्यो आणि शेवटी मेन्क्यो काइदेन अशी चढण असते. मेन्क्यो म्हणजे परवानगी. ती एका माणसानं दुसऱ्या माणसाला दिलेली असते, गुंडाळीवर लिहून, परंपरेतल्या नावांसकट. सोके म्हणजे घराण्याचा प्रमुख, आणि प्रत्येक घराण्यात एका वेळी तो एकच. कातोरी शिंतो-र्यूचं उदाहरण घे. इइझासा चोइसाइ यांनी पंधराव्या शतकात स्थापन केलेलं हे घराणं, आणि प्रमुखपद आजही इइझासा कुटुंबातच आहे. १९६० साली चिबा केननं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. असं घराणं लपून राहत नाही. जुन्या घराण्यांच्या दोन मोठ्या संघटना आहेत, निहोन कोबुदो शिंकोकाई १९३५ ची आणि निहोन कोबुदो क्योकाई १९७९ ची. तुझ्या ऑनलाइन सोकेचं घराणं त्यांपैकी कुठे आहे का, त्यांना मेन्क्यो कुणी दिली, ती देणाऱ्याचा दुसरा एखादा शिष्य जपानमध्ये आहे का, एवढं विचार. संघटनेबाहेरही काही खरी घराणी आहेत, त्यामुळे नाव नसणं हा पुरावा धरू नकोस. पण गुरुबंधू एकही नसणं फार बोलकं असतं. शिवाय समोर कुणी तलवार धरून उभं नसताना, पडद्याकडे बघत अंतराचा अंदाज कसा शिकणार? जुन्या विद्येत अंतर आणि वेळ हेच तर शिकायचं असतं.

घराणी पाहायची कुठे? दरवर्षी फेब्रुवारीत टोकियोच्या निप्पोन बुदोकान या युद्धकलांच्या सभागृहात देशभरातली घराणी प्रात्यक्षिकं करतात. त्यांना एम्बु म्हणतात. ३ नोव्हेंबरला, संस्कृती दिनी, टोकियोतल्याच मेइजी जिंगू या देवस्थानाच्या आवारात ती उघड्यावर होतात. तोड्याच्या बंदुकीचा आवाज तिथे पहिल्यांदा ऐकलास की छातीत बसतो. पत्रिका जपून ठेव. प्रत्येक घराण्याचं नाव, मूळ गाव आणि प्रतिनिधी त्यात असतो. तिथेच धावत जाऊन "मला शिकवा" म्हणू नकोस. घरी ये, जपानीत पत्र लिही. तू कोण, किती वर्षं जपानमध्ये राहणार, का शिकायचं आहे, आणि एकदा बसून बघण्याची परवानगी मिळेल का, एवढंच. ओळखीतल्या कुणाचं शिफारसपत्र, म्हणजे शोकाइजो, जोडता आलं तर फारच छान.

बसून बघण्याला केंगाकु म्हणतात आणि सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. आधी विचारून जा. 'केंगाकु सासेते इतादाकेमास का', म्हणजे 'बसून बघू द्याल का', हे वाक्य पाठ कर. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोच, मोबाइल बंद ठेव, कडेला बस, मध्येच उठू नकोस, आणि शेवटी लादी पुसतात तोवर थांब. मी स्वतः काय बघते ते सांगते. पंधरा-वीस वर्षं येणारी माणसं आहेत का? शिक्षक स्वतः घाम गाळतात का? नवख्याचा पाय ते स्वतः सरळ करतात, की ते काम कायम दुसऱ्याच नवख्यावर टाकतात? आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सराव, चालू असताना हरतं कोण. जुन्या तलवारविद्येच्या जोडीच्या कातात एक उचिदाची असतो आणि एक शिदाची. वार सुरू करणारा आणि शेवटी हरणारा उचिदाची ही भूमिका ज्येष्ठाची असते. गुरू शिष्यापुढे उभा राहतो, त्याला झेपेल तेवढाच वेग देतो, आणि त्याला जिंकू देऊन शिकवतो. आमच्या सेन्सेईंचं वय आज ऐंशीच्या पुढे आहे. माझी काठी त्यांच्या मनगटाशी थांबते तेव्हा ती एक बोटभर जास्त गेली तर त्यांनाच लागणार हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि तरी ते जागचे हलत नाहीत. मी सोडलेल्या वर्गात दोन वर्षांत शिक्षक एकदाही हरले नव्हते. तेव्हा मला तो त्यांचा मोठेपणा वाटला होता.

अंतराचं भान ठेव, इथे प्रवासाचं म्हणते आहे. योकोहामाहून कातोरीपर्यंत एका बाजूला दोन-अडीच तास. नव्या नोकरीत, ओव्हरटाइम सांभाळून, आठवड्यातून दोनदा हे जमणार नाही आणि कोर्यूत नाव घालून गैरहजर राहणं फार वाईट दिसतं. तिथे आत जाणं सावकाश होतं आणि सोडून दुसरीकडे जाणं त्याहून अवघड. म्हणून माझा सल्ला असा की सुरुवात इआइदो किंवा जोदोनं कर, घरापासून अर्ध्या तासाच्या आत. योकोहामात किशिने पार्कमध्ये कानागावा केनचं बुदोकान आहे, आणि २०२० साली कान्नाइजवळ योकोहामा बुदोकान उघडलं. तिथल्या फलकावर आणि वॉर्डाच्या मासिक पत्रकात नवख्यांच्या वर्गांची माहिती येते. यात कमीपणा मुळीच नाही. इआइदोत महासंघाचे १२ ठरावीक काता असतात आणि त्यांच्यासोबत बहुतेक शिक्षक मुसो जिकिदेन एइशिन-र्यू किंवा मुसो शिंदेन-र्यू ही जुनी घराणीच शिकवतात. जोदोतही १२ ठरावीक काता आणि त्यांच्या मागे फुकुओकाचं शिंतो मुसो-र्यू उभं आहे. दोन-तीन वर्षं नियमित गेलास की तुझे शिक्षकच तुला ओळखतील, आणि पुढच्या दारासाठीचं शिफारसपत्र त्यांच्याच हातून येईल. मला तसंच मिळालं.

तुझा ब्लॅक बेल्ट कोल्हापुरात ठेवून ये. पहिल्या दिवशी विचारतील तेव्हा खरं सांग, पण स्वतःहून बोलू नकोस. कराटेतला खांद्याचा जोर तलवारीत आडवाच येतो. निघेपर्यंत रोज वीस मिनिटं सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसायची सवय कर. ते फार उपयोगी पडेल.

व्हिसाचं सोपं आहे. जपानी कला तज्ज्ञाच्या हाताखाली शिकण्यासाठी 'बुन्का कात्सुदो' नावाचा सांस्कृतिक व्हिसा असतो, पण त्यावर कमाई करता येत नाही, गुरूच्या योग्यतेची कागदपत्रं लागतात आणि खर्च कसा भागवणार तेही दाखवावं लागतं. तुझ्याकडे नोकरीचा व्हिसा आहे. संध्याकाळी आणि रविवारी शिकायला तो पुरतो.

तलवार आणू नकोस, शोभेचीसुद्धा. १९५८ च्या कायद्यानं इथे धारेच्या तलवारीला नोंदणीपत्र लागतं. इआइदोला बिनधारेची, मिश्रधातूची इआइतो चालते, आणि तिची लांबी तुझी उंची बघून सेन्सेईच सांगतील. पहिले काही महिने लाकडी बोक्केन पुरे. खर्चाचं म्हणशील तर आमच्या क्लबात महिन्याला ३,००० येन, पाकिटात घालून दोन्ही हातांनी द्यायचे. प्रवेशाचे वेगळे, आणि वर्षाचा क्रीडा विमा क्लबमार्फत. खाजगी दोजोत हे आकडे मोठे असतात. पण नावनोंदणीच्याच दिवशी पुढच्या प्रमाणपत्रांचं दरपत्रक कुणी हातात ठेवलं, तर नम्रपणे वाकून परत ये.

बायकोही येणार आहे आणि तिलाही काही शिकायचं आहे, असं तू शेवटी लिहिलंस. तिला नागिनाता, म्हणजे लांब दांड्याच्या पात्याची विद्या, किंवा क्युदो एकदा बघू दे. क्युदोचे नवख्यांचे वर्ग पटकन भरतात, तेव्हा चौकशी उतरल्या आठवड्यातच करा. किता-कामाकुराच्या एंगाकुजी मंदिराच्या आवारात धनुर्विद्येचा दोजो आहे. तिथवर तुम्हाला लोकलनं जाता येईल आणि रविवार चांगला जाईल.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत किमान तीन ठिकाणी केंगाकु कर, आणि कुठेही लगेच होकार देऊ नकोस. ३ नोव्हेंबरला मेइजी जिंगूत आमचे सेन्सेई येतात आणि मी त्यांची काठ्यांची पिशवी घेऊन असते. सकाळी लवकर ये, पुढची जागा लवकर भरते. प्रात्यक्षिकं संपली की तुझी त्यांच्याशी ओळख करून देईन. तोवर जिथे जिथे जाऊन आलास तिथल्या शिक्षकांची नावं आणि त्यांच्या गुरूंची नावं एका वहीत लिहून ठेव, म्हणजे बसून नीट बोलता येईल.