कांड्या मोडा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 53. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन डाव्या बाजूला झालं, मग केमो, परळच्या फेऱ्या. त्याआधी वीस वर्षं त्या पेस्टलमध्ये, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगकांड्यांनी, निसर्गचित्रं काढत होत्या, बहुतेक उपवन तलाव आणि मागचे येऊरचे डोंगर. आता डॉक्टरांची परवानगी आहे. चार वेळा बसल्या, चारही वेळा कागद फाडला. बोटांची टोकं बधिर आहेत, "हात विसरला" म्हणतात. मैत्रिणींच्या डिसेंबरातल्या प्रदर्शनात नाव द्यावं का, असं विचारतात.

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात मी एका ओळीपाशी अडले. "मी ॲडमिट असताना ह्यांनी माझी पेटी साफ केली, उरलेसुरले तुकडे टाकले आणि 48 रंगांचा नवा सेट आणून ठेवला. बिचाऱ्यांनी किती केलं!" आणि लगेच तुम्ही केमोकडे वळलात.

त्यांना बिचारे म्हणू नका. वीस वर्षं ज्या घरात पेस्टलची पूड पुसली जाते, तिथल्या माणसाला तुकडा आणि कचरा यांतला फरक कळायला हवा होता. निदान विचारायला हवं होतं. अख्खी कांडी हातात आली की माणूस ती पेन्सिलीसारखी धरतो आणि रेघा मारत बसतो. येऊरची उतरण येते ती आडव्या धरलेल्या तुकड्यानं, एका ओढीत. अंगठ्याएवढा राखाडी-हिरवा, एका अंगानं झिजून तुमच्या हाताच्या कलानं तिरपा झालेला, असा तुकडा कुठल्या दुकानात मिळतो? तुमची हत्यारं गेली, ताई. आणि तुम्ही ब्र काढला नाहीत, कारण ज्यानं रात्र रात्र उशाशी बसून उलटीचं भांडं धरलं, त्याच्यावर रागवायचं कसं! रागवा. त्यानं त्यांची सेवा पुसली जात नाही.

नव्या सेटमधली एकही कांडी तुम्ही मोडली नसणार, याची मला खात्री आहे. महागाची, प्रेमानं आणलेली, खाचेत नीट बसवलेली. बधिर बोटांनी ती अख्खी कांडी टोकाशी धरून तुम्ही चार वेळा बसलात आणि दोष हाताला दिलात.

बोटांचं दुःख खरं आहे. केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या नसा दुखावतात. सावकाश, महिनोन्‌महिन्यांनी फरक पडतो, कुणाची थोडी बधिरता राहतेही. बोटानं रंग पसरवणाऱ्या बाईला कागदाचा दाणा कळेनासा व्हावा, यावर मी तुमची समजूत घालणार नाही. पण आडवा तुकडा खांद्यातून चालतो, तुमचा उजवा खांदा शाबूत आहे. पसरवायला तळव्याची कड आहे. फ्रेंच चित्रकार एदगार देगाची नजर अधू होत गेली तसा तो पेस्टलवर अधिकाधिक विसंबला, आणि त्याचे फटकारे मोकळे, रुंद होत गेले.

तेव्हा येत्या रविवारी जेवणाचं टेबल रिकामं करा. ओला पेपर अंथरा, मास्क लावा, पूड उडाली तर फुंकर मारू नका, ओल्या फडक्यानं टिपा. यजमानांना समोर बसवा आणि एकेका कांडीचं कागदी वेष्टण सोलून तिचे तीन तुकडे करा. ते म्हणतील, "अगं, नवीन आहेत!" म्हणू देत. तेव्हा सांगा त्यांना, पेटीतून काय गेलं ते, रंगांची नावं घेऊन. मदतीला हात पुढे केला तरी एकही कांडी त्यांना मोडू देऊ नका. सगळ्या तुम्हीच मोडायच्या.

प्रदर्शनाचं मला त्यानंतर विचारा. आधी येऊरचा हिरवा मोडा.