प्लास्टिक आतून की बाहेरून? कोकणातल्या लाकडी घराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही चौघांसाठी 1100 चौरस फुटांचे बैठे लाकडी घर बांधतो आहोत. झोपायच्या दोन खोल्यांना एसी असेल. भिंतीच्या नकाशात बाहेरून फळ्या, मध्ये रॉकवूल (दगडी तंतूंची उष्णता अडवणारी गादी), मग पॉलिथिन आणि आतून पुन्हा फळ्या आहेत. वीजबिल आटोक्यात राहील ना?
— एक वाचक, गुहागर

उत्तर: रॉकवूल ठेवा, पण पॉलिथिन त्या जागी लावू देऊ नका. हा नकाशा थंड देशातला आहे. तिथे घरात ऊब असते आणि बाहेर बर्फ. बाष्प आतून बाहेर जाते, म्हणून ते आतल्या बाजूला अडवतात. तुमच्याकडे पावसाळ्यात नेमके उलटे होते. बाहेर 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 27 अंशांच्या आसपास उतरली की पाणी सोडू लागते. एसी तुम्ही 24 वर लावणार. बाहेरची दमट हवा फळ्यांच्या फटींतून शिरते, रॉकवूल ओलांडून पॉलिथिनच्या गार पाठीला टेकते आणि तिथे थेंब धरतात. खोलीतून काहीच दिसत नाही. भिजलेले रॉकवूल उष्णता अडवत नाही आणि भिंतीतला सांगाडा बुरशी धरून कुजू लागतो. वास येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

बाहेरून आत असे थर घ्या: फळ्या, त्यामागे 25 मिमी मोकळी पोकळी, मग बाष्प अडवणारा पडदा, 50 मिमी रॉकवूल आणि शेवटी आतल्या फळ्या. पोकळी खाली-वर उघडी ठेवून तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावा. पडद्याचे जोड 150 मिमी एकमेकांवर चढवून टेप करा, वरचा तुकडा नेहमी खालच्यावर. आतल्या फळ्यांना ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा वॉलपेपर नको. भिंतीत गेलेली ओल आतल्या बाजूने सुकायला वाट हवी.

एसीच्या दोन्ही खोल्यांना घट्ट तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे आतले छत, लागेलच. आपल्या जुन्या घरांसारखी आढ्यापर्यंत न पोचणारी भिंत ठेवलीत, तर गार हवा वरून सगळ्या घरभर पसरेल. बाकीचे घर मात्र मोकळे असू द्या: समोरासमोर खिडक्या, पश्चिमेला रुंद पडवी, सगळीकडे किमान 3 फूट पाखे. चिऱ्याची भिंत दिवसभराची उष्णता साठवून रात्री सोडत बसते; लाकडाची हलकी भिंत सूर्य कलला की लवकर निवते. ती दुपारी ऊन थोपवून धरू शकत नाही, म्हणून तिच्यावर ऊन पडूच न देणे महत्त्वाचे.

आणि भिंतीत पैसे घालण्याआधी छपरात घाला. बैठ्या घरात सर्वात जास्त ऊन तिथेच पडते.

प्रश्न: मंगलोरी कौलांखाली चंदेरी फॉइल लावली, तरी दुपारी खोली तापतेच. फॉइल खराब आहे का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर: बहुधा ती कौलांना किंवा रिपांना चिकटून बसली आहे. फॉइलचा चकचकीत पृष्ठभाग स्वतःतली उष्णता समोर फेकत नाही, हाच तिचा गुण. पण त्यासाठी त्या पृष्ठभागासमोर मोकळी हवा लागते. तापलेल्या कौलाला टेकलेली फॉइल उष्णता थेट खाली देते.

कौले उतरवून पुन्हा बसवावी लागतील. वाशांवर फॉइल अंथरा, तिच्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत 25 ते 40 मिमीची उभी पट्टी ठोका, पट्ट्यांवर आडव्या रिपा, मग कौले. रिपांमधले अंतर साधारण साडेबारा इंच येते, तरी हातातली कौले मांडून मगच ठोका. फॉइल एकाच बाजूने चकचकीत असेल तर ती बाजू खाली करा. वर केलीत तर धूळ बसून काही वर्षांत निरुपयोगी होते. तक्तपोशीवर 50 मिमी रॉकवूल टाका आणि ते व फॉइल यांच्यात निदान 25 मिमी जागा सोडा. छपरातून किती उष्णता आत झिरपते ते यू-मूल्य सांगते; ते जितके कमी तितके बरे. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या इको-निवास संहितेत छपराचा यू-मूल्याचा कमाल आकडा 1.2 आहे, या रचनेत तो 0.6 च्या आसपास येतो.

फॉइलचे खालचे टोक भिंतीच्या बाहेर, पागोळी पडते तिथे संपवा. फुटक्या कौलातून आलेले पाणी फॉइलवरून घरंगळत तिथेच जाते. आढ्यावरची कौले सिमेंटने पूर्ण लिंपली तर पोकळीतली गरम हवा कोंडते. जाळी लावून वाट ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात बसवलेल्या सागाच्या 8 इंची फळ्यांत मार्चपर्यंत फटी पडल्या. लाकूड ओले होते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: असेलही, पण मुरवलेला सागही हलतो. पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड 18 टक्क्यांपर्यंत ओल धरते, कोरड्या महिन्यांत 12 वर येते. एवढ्यात 8 इंची फळी रुंदीत सुमारे 2 मिमी आकसते. म्हणून 4 इंची फळ्या घ्या, जीभ-खोबणीचा सांधा करा, जीभ 10 मिमी लांब ठेवा आणि खिळा एकाच कडेला मारा. दोन्ही कडा खिळल्या तर फळी मधोमध चिरते. लाकूड ताब्यात घेताना ओल मोजायचे मीटर टोकावर टेकवू नका. टोके आधी सुकतात. टोकापासून फूटभर आत 12 ते 15 टक्के दिसले तर घ्या.

स्वतःच्या जागेतला साग, ऐन, किंजळ किंवा फणस तोडायचा असेल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. सुतार ठरवण्याआधी ती काढा.

प्रश्न: वाळवीसाठी खांबांचे बुंधे काँक्रीटमध्ये गाडावेत का?
— एक वाचक, दापोली

उत्तर: नको. बुंध्याचे आडवे कापलेले टोक पाणी शोषते आणि काँक्रीटमध्ये ते सुकत नाही. खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर), 25 मिमी उचलून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या बुटात उभा करा. समुद्राजवळ 316 प्रतीचेच स्टील घ्या. लाकूड जमिनीपासून निदान 8 इंच वर सुरू होऊ द्या, नाहीतर पागोळीचे शिंतोडे रोज लागतात. पाया भरण्याआधी चरांच्या तळाला दर चौरस मीटरला 5 लिटर वाळवीनाशक द्रावण द्या, इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर लिटरभर पाण्याला 2.1 मिली. आतल्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण चांगले (100 लिटर गरम पाण्यात 6 आणि 4 किलो), पण ते पावसाने धुऊन जाते. बाहेर काजूच्या टरफलांचे तेल चालते. हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते.